कागदावरची मात्रा आणि देहातली मात्रा

गेल्या दशकात बालरक्तकर्करोगाच्या उपचारांत एक आशा बळावत होती. रक्तमूळपेशींच्या प्रत्यारोपणापूर्वी मुलांच्या संपूर्ण शरीराला किरण देण्याची जुनी पद्धत लवकरच इतिहासजमा होईल आणि तिची जागा केवळ औषधे घेतील, अशी ती आशा. तिची परीक्षा घेण्यासाठी ‘फोरम’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आखण्यात आली. नावाची आद्याक्षरेच ‘सज्ञान होण्यापूर्वी किरण टाळण्यासाठी’ असा हेतू सांगत होती. निकाल मात्र उलटा लागला. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या चारशेहून अधिक मुलांचे निष्कर्ष २०२१ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपणानंतर दोन वर्षांनी, संपूर्ण शरीर किरणोपचार मिळालेल्या गटातील ९१ टक्के मुले जिवंत होती. केवळ औषधे मिळालेल्या गटात हे प्रमाण ७५ टक्के होते. रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे १२ आणि ३३ टक्के होते. फरक इतका ठळक होता की, मुलांची दोन गटांत विभागणी ठरल्या मुदतीआधीच थांबवावी लागली.

निवृत्तीच्या वाटेवर असलेली पद्धत अशा रीतीने पुन्हा मध्यभागी आली. तिच्याबरोबर एक जुना, काहीसा गैरसोयीचा प्रश्नही परत आला. डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा रुग्णाच्या देहात खरोखर तेवढीच पोहोचली, याचा पुरावा काय? संगणकाने केलेला हिशेब हा पुरावा मानायचा, की रुग्णाच्या अंगावर मापक ठेवून घेतलेले प्रत्यक्ष मोजमाप? हा वाद वरवर तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात तो रुग्णाच्या फुप्फुसांशी, रोग उलटण्याच्या शक्यतेशी आणि चूक झाली तर ती कोणाच्या आणि केव्हा लक्षात येईल याच्याशी निगडित आहे. यंत्रे जितकी हुशार होत आहेत तितके हे मोजमाप अनावश्यक वाटू लागले आहे, आणि नेमक्या याच वेळी त्याचा आग्रह धरण्याची गरज आहे, असे आमचे मत आहे.

न जाणवणारी मात्रा

किरणांची शोषित मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम वस्तुमानाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती एक ग्रे. प्रत्यारोपणापूर्वीची प्रचलित पूर्ण मात्रा १२ ग्रे आहे. ती बहुधा दोन ग्रेच्या सहा हप्त्यांत, दिवसातून दोनदा याप्रमाणे तीन दिवसांत दिली जाते. निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने हे बारा ग्रे नगण्य आहेत. त्यांनी शरीराचे तापमान अंशाच्या तीन सहस्रांशाहून अधिक वाढणार नाही; गरम चहाचा एक घोट याहून जास्त उष्णता देतो. तरीही चार ग्रेच्या आसपासची मात्रा सर्व शरीराला एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसे काही आठवड्यांत दगावतात. बारा ग्रे सोसता येतात ते केवळ नंतर दात्याच्या मूळपेशी मिळणार असतात म्हणून. किरण देहाला भाजत नाहीत. ते पेशींच्या आत शिरून जनुकद्रव्याचे धागे तोडतात. रोगट पेशी नष्ट करणे आणि नव्या पेशींना रुजू देण्यासाठी रुग्णाची प्रतिकारशक्ती दडपणे, अशी दोन कामे ते करतात.

या उपचारात रुग्णाची स्थिती विलक्षण असते. चुकीचे इंजेक्शन झोंबते, चुकीच्या गोळीने गरगरते. किरणांची मात्रा मात्र दहा टक्के कमी पडली वा जास्त झाली, तर त्या क्षणी रुग्णाला काहीही कळत नाही आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यालाही कळत नाही. देह कधी तरी बोलतो. पण काही आठवड्यांनी श्वास लागू लागतो तेव्हा, किंवा काही महिन्यांनी रक्ताच्या अहवालात रोगट पेशी पुन्हा दिसतात तेव्हा. त्या वेळी दुरुस्तीची संधी निघून गेलेली असते.

या पद्धतीचा इतिहास सत्तरीकडे झुकला आहे. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोपचारानंतर अस्थिमज्जा शिरेवाटे देण्याचे पहिले प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध केले. पुढे सिॲटलमध्ये त्यांनी हे तंत्र घडवले आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच सिॲटलमध्ये शिकून परतलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. मराठी मुलखाला हा विषय परका नाही, तो असा.

एका बाजूला रोग, दुसऱ्या बाजूला फुप्फुसे

मात्रेतील थोडा फरक एवढा महत्त्वाचा का, हे दोन जुने अभ्यास स्पष्ट करतात. पहिला सिॲटलचा, १९९० सालचा. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या ७१ रुग्णांपैकी काहींना १२ ग्रे आणि इतरांना १५.७५ ग्रे मात्रा देण्यात आली. जास्त मात्रेच्या गटात तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ३५ वरून १२ टक्क्यांवर आले. पण उपचारांच्याच दुष्परिणामांनी होणारे मृत्यू १२ वरून ३२ टक्क्यांवर गेले. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गेले आणि जगणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. ‘थोडे जास्त दिलेले बरे’ हा विचार इथे चालत नाही, आणि ‘थोडे कमी दिलेले बरे’ हाही नाही.

दुसरा अभ्यास टोरांटोचा, १९८१ सालचा. शरीराच्या वरच्या अर्ध्या भागाला एकाच बैठकीत मोठी मात्रा मिळालेल्या रुग्णांच्या फुप्फुसांना प्रत्यक्ष किती मात्रा पोहोचली, याचा फेरहिशेब संशोधकांनी मांडला. फुप्फुसांना ८.२ ग्रे मिळाले तर किरणजन्य न्यूमोनायटिस होण्याची शक्यता ५ टक्के, ९.३ ग्रेला ५० टक्के आणि १०.६ ग्रेला ९५ टक्के, असे उत्तर आले. हे आकडे एका बैठकीतील उपचाराचे आहेत. आजच्या हप्त्यांच्या पद्धतीत फुप्फुसे अधिक सोसतात, त्यामुळे ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यांनी दाखवलेला चढ विसरता येत नाही. ८.२ आणि ९.३ यांच्यात जेमतेम १३ टक्क्यांचे अंतर आहे. तेवढ्यात विसांत एक ही जोखीम दोनांत एक होते. म्हणूनच आज फुप्फुसांची मात्रा मुद्दाम कमी राखली जाते. अमेरिकेतील चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या २०१९ सालच्या विश्लेषणात, फुप्फुसांची सरासरी मात्रा ८ ग्रेच्या खाली राहिलेल्या मुलांचे जगण्याचे प्रमाण अधिक चांगले आढळले.

हिशेब कुठे निसटतो

नेहमीच्या किरणोपचारात लक्ष्य मुठीएवढे असते आणि रुग्ण यंत्रापासून मीटरभर अंतरावर असतो. संपूर्ण शरीराला किरण द्यायचे तर एवढा रुंद झोत यंत्रातून निघत नाही. म्हणून पारंपरिक पद्धतीत रुग्णाला तीन ते पाच मीटर दूर, बहुधा खोलीच्या टोकाच्या भिंतीजवळ उभे करतात किंवा कुशीवर झोपवतात. आधी एका बाजूने आणि मग विरुद्ध बाजूने किरण देतात. यंत्राचे मोजमाप ज्या परिस्थितीत झालेले असते, त्याहून ही परिस्थिती फार निराळी आहे.

माणसाचा देह म्हणजे एकसारख्या जाडीचा ठोकळा नव्हे. मान बारीक, ओटीपोट रुंद, घोटे त्याहून बारीक. उच्च ऊर्जेचे क्षकिरण दर सेंटिमीटर ऊतीमागे सुमारे तीन ते चार टक्क्यांनी क्षीण होतात. त्यामुळे एकाच झोतात मानेला जास्त आणि कमरेला कमी मात्रा मिळते. ती सारखी करण्यासाठी बारीक भागांपुढे धातूचे वा अॅक्रिलिकचे तुकडे लावतात. पायांमधल्या पोकळीत तांदळाच्या पिशव्या ठेवण्याची साधी युक्तीही वापरली जाते, कारण किरणांच्या दृष्टीने तांदूळ ऊतीसारखाच वागतो. फुप्फुसांत हवा असते. तिथे किरण फारसे अडत नाहीत आणि काही उपाय न केल्यास फुप्फुसांना बाकी देहापेक्षा जास्त मात्रा मिळते. म्हणून त्यांच्यापुढे शिशाचे वा शिशाच्या मिश्रधातूचे ठोकळे लावतात. ठोकळा दोन सेंटिमीटर सरकला, तर फुप्फुसाचा काही भाग उघडा पडतो आणि कण्यातील मज्जा झाकली जाते. जिथे किरण हवेत तिथे ते पोहोचत नाहीत. त्वचेचीही वेगळी अडचण आहे. उच्च ऊर्जेच्या किरणांची मात्रा त्वचेच्या थोडी आत गेल्यावर शिखर गाठते, पण ल्युकेमियाच्या पेशी त्वचेतही असू शकतात. म्हणून रुग्णापुढे अॅक्रिलिकचा पडदा धरून त्वचेची मात्रा वाढवावी लागते.

यात भर माणसाच्या हालचालीची. एक हप्ता पुरा व्हायला बहुतेकदा अर्धा तास किंवा अधिक लागतो, कारण फुप्फुसांना जपण्यासाठी किरणांचा वेग मुद्दाम मंद ठेवतात. रुग्ण थकलेला असतो, त्याला मळमळत असते. लहान मुलांना तर भूल द्यावी लागते. चार मीटरांवर उभा असलेला रुग्ण दहा सेंटिमीटर मागे सरकला, तर अंतराच्या वर्गाच्या नियमानेच मात्रा सुमारे पाच टक्क्यांनी घटते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ सालच्या आपल्या १७व्या अहवालात संपूर्ण शरीर किरणोपचाराच्या भौतिक बाजूचा सविस्तर विचार केला. मात्रा शरीरभर दहा टक्के कमीजास्त या मर्यादेत समान राहावी, हे उद्दिष्ट आज सर्वत्र धरले जाते. दहा टक्क्यांची ही मुभा उदार वाटते. वर सांगितलेली कारणे एकत्र आली, तर ती संपायला वेळ लागत नाही.

देहावर ठेवलेला साक्षीदार

म्हणून देहावरच मापक ठेवण्याची रीत पडली. कपाळ, मान, छाती, काख, बेंबी, ओटीपोट, मांडी, गुडघा, घोटा अशा ठरलेल्या जागी छोटे मापक चिकटवतात. शक्य तिथे किरण शिरतात त्या आणि बाहेर पडतात त्या, अशा दोन्ही बाजूंना. दोन्ही वाचनांवरून देहाच्या मध्यभागी किती मात्रा पोहोचली, याचा अंदाज करता येतो. फुप्फुसांवरच्या ठोकळ्यांच्या सावलीतही मापक ठेवतात, म्हणजे ठोकळे आपले काम करत आहेत की नाही ते कळते.

या मापकांचे प्रकार आणि स्वभाव वेगवेगळे आहेत. सर्वांत जुना आणि विश्वासू तापदीप्तीचा, म्हणजे टीएलडी. लिथियम फ्लोराइडचा तीनेक मिलिमीटर बाजूचा स्फटिक किरणांची ऊर्जा साठवून ठेवतो आणि नंतर तापवल्यावर ती प्रकाशरूपाने परत देतो. त्या प्रकाशावरून मात्रा कळते. १९५० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी या गुणधर्माचा मोजमापासाठी पाठपुरावा केला. स्फटिकाला तारा नसतात, तो कुठेही चिकटतो. पण आकडा मिळतो तो नंतर, आणि त्यामागे काळजीपूर्वक केलेले अंशांकन लागते. कार्बनमिश्रित अॅल्युमिनियम ऑक्साइडचे मापक उष्णतेऐवजी हिरव्या प्रकाशाने वाचले जातात; ते झटपट आणि पुन्हा वाचता येतात. अर्धवाहक डायोडला तार असते, पण तो किरण चालू असतानाच आकडा दाखवतो. मात्र अंगाच्या उष्णतेने आणि किरणांच्या दिशेने त्याचे वाचन बदलते, त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. निर्दोष मापक यांतला एकही नाही. पण संगणकाच्या हिशेबात एखादी चुकीची संख्या शिरली असेल, तर तिचा यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. त्यांची किंमत या स्वतंत्रपणात आहे.

शाळेत गणित सोडवल्यावर ताळा करून पाहायला शिकवीत. तीच रीत पुन्हा वापरून केलेला ताळा हा ताळाच नव्हे. भागाकार तपासायचा तो गुणाकाराने. देहावरचे मोजमाप हा या अर्थाने खरा ताळा आहे.

हा ताळा कधी होतो, याला फार महत्त्व आहे. समजा, बारा ग्रेचे सहा हप्ते आहेत आणि काही चुकीमुळे पोटाला दर वेळी दहा टक्के कमी, म्हणजे १.८ ग्रे मिळत आहेत. पहिल्याच हप्त्यानंतर ते लक्षात आले, तर उरलेल्या पाच हप्त्यांत तिथे २.०४ ग्रे दिले की हिशेब पुरा होतो. फरक कोणाला जाणवणारही नाही. तिसऱ्या हप्त्यानंतर लक्षात आले, तर उरलेल्या तिन्ही वेळा २.२ ग्रे द्यावे लागतील. ते शक्य असले तरी सुखाचे नाही. लक्षातच आले नाही, तर रुग्ण १०.८ ग्रे घेऊन प्रत्यारोपणाला सामोरा जाईल आणि कागदावर बारा राहतील. दोन हप्त्यांत जेमतेम सहा तासांचे अंतर असते. तेवढ्या वेळात स्फटिक गोळा करून, तापवून, वाचून निर्णय घेणारा माणूस विभागात हजर असेल, तरच या मोजमापाला अर्थ आहे. आठवड्याने फाइलमध्ये लागणारे वाचन म्हणजे पंचनामा.

अर्धजुळणीच्या प्रत्यारोपणात, म्हणजे आई-वडील वा भावंड हे अर्धे जुळणारे दाते असताना, बहुधा दोन ग्रेची एकच मात्रा दिली जाते. मात्रा लहान असल्याने जोखीम कमी असते हे खरे; पण तिथे दुसरा हप्ताच नसतो. जे पाहायचे ते किरण चालू असतानाच पाहावे लागते.

अपघातांनी शिकवलेले

मोजमापाचा आग्रह आकाशातून पडलेला नाही. तो अपघातांतून आला. पुढील तिन्ही प्रकरणे नेहमीच्या किरणोपचारातील आहेत, संपूर्ण शरीराच्या नव्हेत. पण धडा सामाईक आहे. २०००-०१ साली पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत संरक्षक ठोकळ्यांची माहिती संगणकात वेगळ्या रीतीने भरण्यात आली. संगणकाने ती निमूट स्वीकारली, उपचाराची वेळ चुकीची काढली आणि २८ रुग्णांना अतिरिक्त मात्रा मिळाली. २००४-०५ साली फ्रान्समधील एपिनाल येथे नव्या तंत्राकडे वळताना चुकीचा पर्याय निवडला जात राहिला आणि २४ रुग्णांना गंभीर अतिमात्रा झाली. तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रणालीची मार्गदर्शिका त्यांच्या भाषेत नव्हती, ही बाब चौकशीत पुढे आली. २००६ साली ग्लासगोमध्ये किशोरवयीन मुलीच्या उपचारात, नव्या संगणकप्रणालीने आधीच केलेला गुणाकार माणसाने पुन्हा केला आणि तिला नियोजित मात्रेपेक्षा ५८ टक्के अधिक किरण मिळाले.

तिन्ही ठिकाणी यंत्रे ठीक होती. जे सांगितले ते त्यांनी बिनचूक केले. सांगण्यात चूक होती. देहावर ठेवलेल्या साध्या डायोडने असा फरक पहिल्या दिवशी दाखवला असता. यानंतर फ्रान्सने, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे उपचाराच्या आरंभी रुग्णावरील मोजमाप टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. ब्रिटनमध्ये व्यावसायिक संस्थांनी मिळून २००८ साली काढलेल्या ‘टुवर्ड्‌स सेफर रेडिओथेरपी’ या अहवालाने बहुतेक रुग्णांसाठी त्याची शिफारस केली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१३ साली त्याच्या कार्यपद्धतींवर स्वतंत्र अहवाल काढला. अमेरिकेत मात्र रेषीय त्वरकांचे नियमन राज्यांकडे आहे आणि व्यावसायिक संस्थांच्या शिफारशी या शिफारशीच राहतात. एकाच उपचाराच्या तपासणीची सक्ती देश बदलला की बदलते, हे परदेशस्थ वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नवी यंत्रे, जुना मोह

गेल्या काही वर्षांत चित्र पालटत आहे. सीटी प्रतिमेवर आधारित टोमोथेरपी आणि व्हीमॅट या तंत्रांत रुग्ण टेबलावर आरामात झोपतो. झोत फिरत फिरत देहाच्या एकेका भागावरून जातो. फुप्फुसे, मूत्रपिंडे, डोळ्यांची भिंगे यांना वाचवून मज्जेला पूर्ण मात्रा देणे शक्य होते. युरोपीय तज्ज्ञसंस्थांनी मुलांसाठी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींचा कलही या तंत्रांकडे आहे. ही प्रगती खरी आहे. भिंतीजवळ उभ्या केलेल्या रुग्णाच्या काळाकडे परत जावे, असे कोणी म्हणणार नाही.

पण या प्रगतीबरोबर एक युक्तिवाद येतो. प्रत्येक घनमिलिमीटरची मात्रा संगणक सांगतो, उपचारापूर्वी प्रतिकृतीवर पडताळणी होते, रोज प्रतिमा घेऊन रुग्णाची स्थिती जुळवली जाते. मग अंगावर मापक कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. फिरत्या झोतात मात्रा अंतराअंतरावर झपाट्याने बदलते. अशा जागी त्वचेवरचा एकुलता एक बिंदू फारसे सांगू शकत नाही आणि चुकीच्या जागी ठेवलेला मापक विनाकारण घबराट निर्माण करतो. खर्चाचाही मुद्दा आहे. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिऑलॉजी’त २००८-०९ मध्ये याच विषयावर वाद रंगला. हे मोजमाप न करणे आपल्याला परवडेल काय, असे एका पक्षाने विचारले. त्याची किफायत सिद्ध झालेली नाही, असे दुसऱ्याने उत्तर दिले.

तरीही तीन गोष्टी उरतात. प्रतिकृती श्वास घेत नाही, सरकत नाही, मळमळल्याने वळत नाही. संपूर्ण शरीर झाकण्यासाठी अनेक झोत एकमेकांना जोडावे लागतात. धडाचे झोत आणि पायांचे झोत मिळतात त्या सांध्यावर रुग्ण थोडा जरी सरकला, तर तिथे दुप्पट किरण पडतात किंवा पडतच नाहीत. नव्या तंत्राची नाजूक जागा हीच, आणि मापक ठेवण्याची जागाही हीच. तिसरी गोष्ट पनामाची: पडताळणी जर त्याच चुकीच्या माहितीवर उभी असेल, तर दोन्ही उत्तरे जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात. तेव्हा प्रश्न मोजायचे की नाही हा नसून कुठे आणि कशाने मोजायचे हा आहे. देहातून आरपार आलेल्या किरणांची प्रतिमा घेऊन मात्रा काढणारी साधने तयार होत आहेत; ती उद्या त्वचेवरच्या स्फटिकाची जागा घेतील तर आनंदच आहे. मोजमाप मात्र रुग्णाचे हवे आणि हिशेबाहून स्वतंत्र हवे.

मुंबईची पुंजी

या बाबतीत भारत, विशेषतः मुंबई, रिकाम्या हाताची नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेटवर आधारित टीएलडी बिल्ले विकसित केले. १९७५ पासून ते देशभरातील किरणक्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या छातीवर लागत आहेत. याच केंद्रातील किरणभौतिकीच्या पदविकेने १९६२ पासून भौतिकतज्ज्ञांच्या पिढ्या घडवल्या. त्यांतील काही आज परदेशांतील रुग्णालयांतही काम करतात. नियामक मंडळही मुंबईतच आहे. तापदीप्तीचे ज्ञान घरात आहे. कर्मचाऱ्याने वर्षभरात किती किरण घेतले याची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. तीन दिवसांत त्याच्या हजारो पट मात्रा घेणाऱ्या रुग्णाची नोंदही तितक्याच काटेकोरपणे राहावी, ही मागणी अवाजवी नाही.

खरी टंचाई स्फटिकांची नाही; वेळ असलेल्या माणसांची आहे. पहाटे मापक लावणारा, दुपारपूर्वी ते वाचणारा आणि आकडा पटला नाही तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला भौतिकतज्ज्ञ लागतो. रुग्णालये यंत्रांची जाहिरात करतात, त्यामागच्या भौतिकतज्ज्ञांची करत नाहीत. ही तक्रार मुंबईपुरती नाही; श्रीमंत देशांतही ती ऐकू येते.

कोणाचा आकडा?

संपूर्ण शरीर किरणोपचाराच्या इतिहासात एक काळे पानही आहे. १९६० ते १९७१ या काळात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे सुमारे ९० कर्करोगग्रस्तांच्या शरीराला किरण देण्यात आले आणि परिणामांची मोजदाद झाली. खर्च संरक्षण खात्याचा होता. अणुयुद्धात सैनिकांचे काय होईल, हे त्याला जाणून घ्यायचे होते. रुग्ण बहुतांशी गरीब होते, त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते, आणि या आकड्यांचे लष्कराला काय काम आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. मोजमाप तिथेही झाले, पण ते रुग्णासाठी नव्हते.

आजचे मोजमाप रुग्णासाठी आहे, तर आकडाही त्याच्या हाती असला पाहिजे. आपल्यापैकी अनेकांना भावाच्या, बहिणीच्या, मित्राच्या मुलाची रुग्णालयातील कागदपत्रे व्हॉट्सॲपवर येतात आणि ‘तू तिकडे आहेस, जरा विचारून सांग’ असा निरोप येतो. अशा वेळी औषधांची नावे तपासण्याबरोबर काही साधे प्रश्न विचारता येतील. किरण देताना अंगावर मापक ठेवणार का, कोणत्या जागी आणि कोणत्या हप्त्याला? पुढच्या हप्त्याआधी वाचन हाती येईल का? किती फरक पडला तर उपचारात बदल कराल आणि तो निर्णय कोणाचा? फुप्फुसांना किती मात्रा मिळेल? आणि शेवटचा, बहुधा राहून जाणारा प्रश्न: हे आकडे डिस्चार्जच्या कागदांत लिहून मिळतील का?

हा शेवटचा प्रश्न आपल्यासारख्या देशोदेशी फिरणाऱ्या समाजासाठी कळीचा आहे. आठव्या वर्षी पुण्यात वा लंडनमध्ये हा उपचार घेतलेली मुलगी तिशीत दुबईत किंवा न्यू जर्सीत असेल. मोतीबिंदू, थायरॉइडचे विकार, खुंटलेली वाढ, वंध्यत्व, दुसरा कर्करोग असे उशिरा दिसणारे परिणाम तेव्हा तपासावे लागतात, आणि कोणती तपासणी केव्हा करायची हे बालपणी काय मिळाले होते यावर ठरते. ‘संपूर्ण शरीर किरणोपचार दिला’ एवढी एक ओळ त्या वेळच्या डॉक्टरांना पुरणार नाही. किती हप्ते, कोणत्या वेगाने, फुप्फुसांना किती, आणि प्रत्यक्ष मोजलेले किती, हे तिच्याजवळ लेखी असायला हवे. ते लिहून देण्यास रुग्णालयाला एक पान पुरते. ते पान मागून घेण्याचे काम घरच्यांना आजपासूनच करता येईल.